पूर्ण एक मिनिट

"आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही," शालनताई म्हणाल्या. मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांनी ते बाळाच्या शेजारी दुपट्यावर ठेवलं आणि अंगड्याचे बंद सोडले.

शालनताई म्हणजे आमच्या गावच्या आशाताई, घरोघरी बाळ-बाळंतिणींना बघणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या. माझं बाळ सात दिवसांचं होतं. सकाळचे नऊ वाजून गेले होते, तरी कोयनेच्या खोऱ्यातलं डिसेंबरचं धुकं अंगणातून हललं नव्हतं. माझी कौसामावशी, जिच्या घरी मी बाळंतपणाला आले होते, दारात हातात तांब्या घेऊन उभी होती. ताई येताच हात धुवायला पाणी मागतात, म्हणून तिने ते आधीच तापवून ठेवलं होतं. ताईंनी हात धुतलेलं पाणी गटाराकडे टाकायला ती वळली आणि ताईंचे शब्द ऐकून तशीच थांबली.

ताई बाळाच्या पोटाकडे बघत होत्या. पोट वर येत होतं, खाली जात होतं. मध्येच थांबत होतं. त्यांचे ओठ हलत होते. मीही मोजत होते, पण चाळिसाच्या पुढे माझी गल्लत झाली.

"अडुसष्ट," ताई म्हणाल्या.

"पहाटे मी मोजले तेव्हा अठ्ठेचाळीस होते."

"कसे मोजलेस?"

"पंधरा सेकंद मोजले आणि चारने गुणले."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "तू बीएस्सी ना गं?"

"हो."

"तरीच. एवढंसं पोर काय रिक्षाचं मीटर हाय, एकसारखं चालायला? चार श्वास भरभर घेतं, मग दम खातं, मग परत भरभर. तुझे पंधरा सेकंद नेमके दम खाण्यात गेले असतील. पूर्ण मिनिट मोजायचं. साठ किंवा वर आले, तर जरा थांबून परत एकदा मोजायचं. गुणाकार नाही करायचा."

मी मान हलवली. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. पहाटे मी तीनदा मोजलं होतं. पहिल्यांदा बहात्तर आले. दुसऱ्यांदा चौसष्ट. तिसऱ्यांदा अठ्ठेचाळीस आले आणि तिथे मी मोजणं थांबवलं.

ताईंनी बाळ जरा शांत होऊ दिलं. मग परत मोजले. या वेळी सहासष्ट.

"इकडं ये, विनी. इथं बघ." त्यांनी बरगड्यांच्या खाली बोट धरलं, टेकवलं नाही. प्रत्येक श्वासाला तिथे खड्डा पडत होता. "थोडं आत जाणं चालतं या वयात. हे थोडं नाही. पितंय कसं?"

"काल संध्याकाळपासून दोनदा ओढते आणि सोडून देते. मला वाटलं, झोप आली असेल."

ताईंनी तळपायाला हात लावला, मग पोटाला, मग परत तळपायाला. "पाय गार हायेत," त्या म्हणाल्या. खाली वाकून त्यांनी बाळाच्या टोपड्याला नाक लावलं.

"धुरी दिली?"

बाहेर गटारात पाणी पडल्याचा आवाज आला.

"काकी, मी विचारतेय. धुरी कुणी दिली?"

"मी दिली," मावशी दारातून म्हणाली.

"किती दिवस?"

"परवा आन् काल. सांजच्याला. जराशी."

"जराशी म्हंजे?" ताईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सातव्या महिन्यात याच घराच्या ओट्यावर बसून मी काय सांगितलं होतं? काकी, हे दोन किलो शंभरचं पोर. दिवस भरायच्या आधी आलेलं. पाणी आदल्या दुपारी गेलेलं आणि पोर दुसऱ्या दिवशी झालेलं. असल्या पोराच्या छातीत बिघाड व्हायला एवढंच पुष्कळ असतं. म्हणून मी दिवसाआड येते, काय चहा प्यायला येते? त्यात तुम्ही दारं लावून धूर केला."

"चुकलं बाई," मावशी म्हणाली. "आम्ही जुनी माणसं. लक्षात राहिलं न्हाई."

मी अंगड्याचे बंद बांधत होते. एक बंद दोनदा सुटला.

ताईंनी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. मग मला म्हणाल्या, "ब्लाऊज काढ. लाजू नको, इथं कोण हाय? बाळाला लंगोट आणि टोपडं ठेव, बाकी उघडं. छातीशी उभं धर, मान एका बाजूला. तुझ्या अंगाची ऊब हीच आता तिची शेगडी."

मावशी लगबगीने आतून गोधडी घेऊन आली. ती माझ्या आईच्या लुगड्यांची गोधडी होती. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मावशीने तिची चार लुगडी उसवून, जोडून, एका पावसाळ्यात ती शिवली होती आणि लग्नात मला दिली होती. ती तिने माझ्या खांद्यावर टाकली.

ताईंनी ती उचलून बाजूला ठेवली. "ही नको. हिलासुद्धा तोच वास हाय." आणि स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्यांनी ती आम्हां दोघींभोवती गुंडाळली.

जिल्ह्याचं गाव दीड तासावर. गाडीत मी बाळाला छातीशी धरून बसले होते. घड्याळ नव्हतं, तरी मोजत होते. तिचा श्वास माझ्या गळ्याखाली लागत होता, फुंकर घातल्यासारखा. तो मध्येच थांबायचा. तेवढ्या वेळात मीही श्वास घ्यायची नाही. मग परत फुंकर यायची. समोर मावशी दोन्ही हातांनी सीट धरून बसली होती. तिला गाडी लागते. घाटात तिने दोनदा पदर तोंडाशी नेला, पण डोळे शालीवरून काढले नाहीत.

दवाखान्याच्या दारात सिस्टरने हात पुढे केले. मी बाळ दिलं. एवढं सोपं होतं ते. शाल माझ्याकडे राहिली, तिच्यात ऊब राहिली आणि दार मिटलं.

दाराला गोल काच होती. तिथून दिसणाऱ्या, बाळांना उबेत ठेवायच्या पेट्यांच्या ओळीतली तिसरी म्हणजे आमची. वर दिवा, नाकाशी नळी, हाताला सुई आणि सुई हलू नये म्हणून बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा. पुठ्ठा तिच्या हातापेक्षा मोठा होता.

"न्यूमोनिया आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. "जंतूंवरची औषधं सुरू केली आहेत, प्राणवायू लावलाय. लवकर आणलंत. इतक्या लहान बाळाला पुष्कळदा ताप येत नाही, खोकला येत नाही. फक्त बाळाचं पिणं कमी होतं आणि श्वास वाढतो. बऱ्याचदा लोक येतात तेव्हा बाळ निळं पडलेलं असतं."

"कशामुळे झालं?"

"एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. वजन कमी, दिवस कमी, पाणी आधी गेलेलं. घरात धूर होता का?"

मावशी माझ्या मागे उभी होती. "व्हता," ती म्हणाली. "माझ्याकडनं झाला."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं.

दर दोन तासांनी मला आतल्या एका लहान खोलीत बोलवायचे. स्टीलच्या वाटीत दूध काढून द्यायचं. सिस्टर ते नळीवाटे बाळाला देणार. बाळंतपणाच्या सगळ्या तयारीत मला कुणी हे सांगितलं नव्हतं, की दुसऱ्या कुणाचं मूल रडलं तरी आपला पान्हा फुटतो. शेजारच्या पेटीतलं रडलं की माझा पदर भिजायचा. माझी रडत नव्हती. रडायला श्वास लागतो. वाटी भरायची आणि मी ती दुसऱ्या बाईच्या हातात द्यायची. छातीवर जिथे ती दीड तास टेकली होती, तेवढी जागा आता वेगळीच जाणवायची. तिथे मी हात ठेवून बसायची.

"अशी बसू नगं," मावशी म्हणायची. "थोडं खा. तुझ्या पोटात असंल तर वाटीत येईल."

दुपारी चाकणहून माझा नवरा, प्रमोद, आला. पहिल्या पाळीतून तसाच निघाला होता, अंगावर कंपनीचा शर्ट. तो काचेशी बराच वेळ उभा राहिला. मग आमच्या सतरंजीपाशी आला.

"कशामुळे झालं म्हणाले?"

मी वजनाचं सांगितलं. पाण्याचं सांगितलं. मग थांबले.

"आन् धुरी दिली व्हती मी," मावशी म्हणाली.

प्रमोद तिच्याकडे वळला. तो वाईट माणूस नाही. पण चार तासांचा प्रवास करून आला होता आणि नुकताच काचेतून तो पुठ्ठा बघून आला होता.

"मावशी, तुम्हाला ताईंनी नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं."

"मग तुम्ही असं कसं केलंत? हिला आई नाही, तरी मी निश्चिंत होतो, की तुम्ही आहात. विनी शिकलेली आहे, तिला सगळं कळतं. पण बाळंतीण बिचारी काय बोलणार? तुम्हीच असं केलंत तर—"

मावशी सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

मी म्हणू शकले असते. तोंडात शब्द तयार होते. तेवढ्यात सिस्टरने दारातून हाक मारली, "तीन नंबरची आई, दूध," आणि मी उठून गेले. परत आले तेव्हा मावशी पिशवी भरत होती.

"म्हशीला कोण बघणार," ती म्हणाली. "पावणे आलेत, तुला सोबत झाली. मी आपली पाचच्या एस्टीनं जाते."

"मावशी, राहा ना."

"येते की परत." ती आली नाही. म्हणजे आली, दर दोन दिवसांनी डबा घेऊन आली, पण प्रमोद बाहेर गेलेला असताना. डब्यात अळिवाची खीर असायची. माझं खाणं होईपर्यंत थांबायची, काचेतून एकदा बघायची आणि निघायची.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी बाळ रडलं. सिस्टरने दार उघडून मला ऐकवलं. मांजराच्या पिल्लासारखा आवाज होता. सातव्या दिवशी नळी काढली. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ मला आत बसवून ती माझ्या छातीशी द्यायला लागले आणि अकराव्या दिवशी आम्हाला घरी सोडलं. "तरी रोज मोजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कसं मोजायचं माहीत आहे ना?"

"पूर्ण एक मिनिट," मी म्हणाले.

प्रमोद आम्हाला मावशीच्या घरी सोडून पाळीला निघून गेला. घर ओळखू येत नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीची भिंत सारवलेली, बाजेची दोरी बदललेली, शेगडी पार गोठ्यात नेऊन ठेवलेली. बाजेवर गोधडी नीट घडी घालून ठेवली होती. मी बाळाला झोपवलं, गोधडी उघडली आणि सवयीने तिच्यात तोंड घातलं.

साबण. नुसता साबण आणि ऊन.

"सोड्यात भिजवली, आन् दोनदा धुतली," मावशी मागून म्हणाली. "घरात कशाला म्हणून वास ठिवला न्हाई बघ."

मी गोधडीतून तोंड बाहेर काढलं नाही. मावशीला वाटलं, मी बाळ घरी आलं म्हणून रडते आहे. की तिला कळलं होतं? ती आली, माझ्या डोक्यावर हात ठेवून जरा उभी राहिली आणि चहा टाकायला गेली.

आता सांगते.

माझी आई आळीतल्या बाळंतिणींना न्हाऊ घालायची. कुणाकडे बाळंत झालं की सव्वा महिना तिथे जायचं, बाळाला आणि आईला तेल लावायचं, आंघोळ घालायची, शेक द्यायचा, धुरी द्यायची. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणाची सालं. दुपारी ती घरी यायची तेव्हा तिच्या लुगड्याला तो वास असायचा. मी शाळेतून येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवायची आणि तो वास नाकात भरून झोपायची. ती गेली त्यानंतर गोधडीत तो वास होता. आधी खूप, मग थोडा, मग एका कोपऱ्यात. लग्नानंतर चाकणला मी तो कोपरा नाकाशी घेऊन झोपत होते. बाळंतपणाला आले तेव्हा तो जवळजवळ गेला होता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचवीची पूजा झाली. त्या दिवशी सकाळी ताईंनी श्वास मोजले होते, बावन्न. सगळं छान होतं. आळीतल्या बायका येऊन गेल्या आणि जाताना प्रत्येकीने म्हटलं, "तुझी आई असायला पायजे व्हती." सगळ्या गेल्यावर मी म्हणाले, "मावशी, शेगडी आत आण ना."

"थंडी वाजती?"

"थंडी नाही. तिच्यात ओवा टाक. आई टाकायची ते सगळं टाक."

"ताई नगं म्हणाल्यात, विनी."

"मला माहीत आहे. एकदाच. आईचा वास येईल."

मावशीने बाळाकडे बघितलं. मग म्हणाली, "पोराला सोसंल का?"

"आईच्या हातची सगळी पोरं मोठी झालीच ना?"

हे मी म्हणाले. मी, जिने धुराचे बारीक कण छातीत कुठवर जातात हे परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं.

मावशीने शेगडी आणली. ती बाळाच्या बाजूला बसली आणि धूर तिकडे जाऊ नये म्हणून सगळा वेळ पदराने वारा घालत राहिली. खोली लहान होती. थंडी म्हणून दार लावलेलं होतं. मी गोधडी शेगडीवर धरली, चारी कोपरे. मग ती अंगावर घेऊन डोळे मिटले. मला आई आली. खरंच आली, तिच्या मांडीसकट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा मागितली. मावशी त्या दिवशी जास्त वेळ दारात उभी राहिली होती.

दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी, चहाच्या वेळी, मी तिला म्हणायला हवं होतं, की प्रमोदला मी सांगेन. म्हटलं, सव्वा महिना होऊ दे. मग म्हटलं, बारसं होऊ दे. रेवती नाव ठेवलं. मग चाकणला परत गेले. मग ते बोलायचं दरवेळी जरा जास्त अवघड होत गेलं. मावशी आमच्याकडे राहायला कधी आली नाही. "म्हैस हाय," म्हणायची. म्हैस विकल्यावर "घराला कुलूप कशाला लावायचं," म्हणायची. प्रमोद तिला दर दिवाळीला लुगडं पाठवायचा आणि मला म्हणायचा, "मी तेव्हा जास्त बोललो गं." मी म्हणायची, "जाऊ दे." रेवतीला सर्दी झाली की मी फोन करायची आणि मावशी पहिला प्रश्न विचारायची, "मोजलंस का? पूर्ण?"

रेवती आता नऊ वर्षांची आहे. मावशी गेल्या मार्गशीर्षात गेली. परवा तिच्या वर्षश्राद्धाला आम्ही गावी गेलो होतो. जेवणं उरकल्यावर दुपारी शालनताई ओट्यावर टेकल्या. केस पिकलेत, घड्याळ तेच आहे.

"ताई, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. ती धुरी—"

"तू मागितली होतीस," ताई म्हणाल्या. "माहीत हाय."

"मावशीने सांगितलं?"

"सांगितलं कुठं? विचारलं. सहाव्या दिवशी सकाळी मी तालुक्याला ट्रेनिंगला निघाले होते. फाट्यावर गाठलं मला काकींनी. म्हणाल्या, पोरीला आईची लई सय येती, वाटीभर निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकून लांब ठिवला तर चालंल का? मी म्हटलं, अजिबात नाही. बरं म्हणाल्या, आणि गेल्या."

"पण त्या दिवशी पुन्हा..."

"तुला नाही म्हणवलं नसंल त्यांना." ताईंनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "सातव्या दिवशी टोपड्याला वास आला तेव्हाच मला कळलं, हे कुणाचं काम. पण आधी काकी बोलल्या, मी दिली म्हणून. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. मग मी त्यांनाच बोलत सुटले."

"मला का नाही बोललात?"

"सात दिवसांची बाळंतीण तू. तुला बोलले असते आणि दूध आटलं असतं, तर त्या पोराला पाजायचं काय? काकी होत्या घट्ट. त्यांना बोललेलं चालत होतं." सुपारी चघळत त्या म्हणाल्या, "पुढं एकदा म्हटलं मी त्यांना, पोरीला सांगा, मला ठाऊक हाय म्हणून. तर म्हणाल्या, नगं. तिला सांगायचं असंल तवा ती सांगंल."

ताई उठल्या, चपला शोधल्या, गेल्या. अंगणात प्रमोद भाड्याने आणलेल्या खुर्च्या टेंपोत चढवत होता. संध्याकाळी परतीच्या वाटेवर मी त्याला सांगणार होते. ते आता नक्की होतं. पण ज्या एका माणसाच्या देखत ते सांगायला हवं होतं, त्याचा फोटो आत हार घालून ठेवलेला होता.

मी आत गेले. रेवती मावशीच्या बाजेवर झोपली होती, आम्ही सोबत आणलेली गोधडी छातीपर्यंत ओढून. एवढ्या वर्षांत गोधडीचा रंग उडालाय, मधे मी दोन ठिगळं लावली आहेत. मी बाजेच्या कडेला बसले आणि खाली वाकून गोधडीच्या कोपऱ्याला नाक लावलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. चौथा रेवतीच्या हाताखाली होता, तो मी ओढला नाही.

मी तिच्या पोटावर हात ठेवला, अगदी हलका, आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजले. बावीस.

जरा थांबून परत एकदा मोजले.